कालव्यावरच्या नॅरोबोटीतले आमचे पहिले दिवस

इंग्लंडच्या कालव्यांवर एप्रिल ते सप्टेंबर बोटीतच राहायचे, असे आम्ही दोघांनी निवृत्तीनंतर ठरवले, तेव्हा ओळखीचे लोक विचारत ते प्रवासाबद्दल. कुठून निघणार, कुठवर जाणार, वाटेत काय पाहणार? बोटीवर राहायला गेल्यावर मात्र पहिले काही दिवस यांतल्या एकाही प्रश्नाकडे लक्ष द्यायला सवड मिळाली नाही. टाकीत पाणी किती उरले आहे, बॅटरी किती उतरली आहे, शेगडी रात्रभर टिकेल का आणि दोर नीट बांधले आहेत का, या चौकशीतच दिवस उगवत आणि मावळत. त्या दिवसांत आमच्यापुरती एक गोष्ट पक्की झाली आणि हे लिहायला बसण्याचे कारणही तीच आहे. बोटीवर कामांची वाटणी जरूर करावी, पण दोघांपैकी एकालाच येते असे एकही काम तिथे असू नये.

आमची बोट नॅरोबोट या प्रकारातली आहे. लांबी ५७ फूट आणि रुंदी अवघी ६ फूट १० इंच. या रुंदीमागे मोठा इतिहास आहे. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर जे लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटीला वर चढवणारे किंवा खाली उतरवणारे दरवाज्यांचे हौद) योजले ते साधारण सात फूट रुंद होते. तो कालवा १७७७ साली पुरा झाला आणि मिडलंड्स या इंग्लंडच्या मध्य भागातल्या अनेक कालव्यांनी तेच माप स्वीकारले. त्या मापात बसणारी बोटच या सगळ्या कालव्यांवर फिरू शकते, म्हणून आजही नव्या नॅरोबोटी त्याच रुंदीच्या बांधल्या जातात. पोलादी भिंती आणि आतले अस्तर वजा जाता राहायला सहा फुटांच्या आसपास रुंदी उरते. पुढच्या बाजूला शेगडी आणि बसायची जागा, मग स्वयंपाकाचा ओटा, मग न्हाणीघर, मग पलंग आणि शेवटी मागच्या डेकवर चढणाऱ्या पायऱ्या, असे सारे एका ओळीत येते. एक जण ओट्याशी उभा असेल तर दुसऱ्याला पुढून मागे जाण्यासाठी त्याला सरकायला सांगावेच लागते. मालवाहतुकीच्या काळात तर बोटीवरची कुटुंबेच्या कुटुंबे मागच्या जेमतेम दहा फुटांच्या खोलीत राहत, कारण बाकीची बोट मालाने भरलेली असे. हे वाचून माहीत होते, पण त्या लोकांविषयीचा खरा आदर मनात उपजला तो स्वतःच्या दोन कपाटांत सहा महिन्यांचे कपडे बसवताना.

कालव्यावर बोट चालवायला माणसाला परवाना लागत नाही, बोटीला मात्र लागतो. तो देते कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था. २०१२ साली तिने इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे दोन हजार मैलांच्या जलमार्गांची जबाबदारी घेतली. परवान्यासाठी बोटीचा विमा आणि सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि ही तपासणी दर चार वर्षांनी करावी लागते. आमच्या बोटीला बांधून ठेवायची कायमची जागा नाही. अशा बोटींना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, त्यामुळे फिरत राहणे हा आमच्यासाठी नियमही होता. माणसाला परवाना लागत नसला तरी आम्ही दोघांनी रॉयल यॉटिंग असोसिएशनचा कालव्यांसाठीचा हेल्म्समन कोर्स केला. तिथल्या शिक्षकांनी पहिल्याच तासाला आम्हाला सांगितले की जोडप्यांमध्ये बहुधा नवरा सुकाणू धरतो आणि बायको लॉकचे दरवाजे ढकलते, आणि वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. मग सुकाणू धरणारा पाण्यात पडला तर काठावर उभ्या असलेल्या माणसाला इंजिन बंद कसे करायचे तेही माहीत नसते. कालव्याचे पाणी बहुतेक ठिकाणी कमरेपर्यंतच असते. धोका असतो तो बोटीला पुढे ढकलणाऱ्या, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा आणि बोट व काठ यांच्यामध्ये चिरडले जाण्याचा. सोळा-सतरा टनांची बोट हातापायांनी अडवता येत नाही, हे त्यांनी आम्हा दोघांकडून वदवून घेतले होते.

ब्रॉनस्टन गावापाशी, जिथे ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा एकमेकांना मिळतात, तिथून आम्ही निघणार होतो. बोट ताब्यात आली तेव्हा एप्रिल नुकताच लागला होता. दिवसा ऊन असे, पण सूर्य मावळला की पोलादाचा गारवा आतपर्यंत जाणवू लागे. बोटीत उबेचे मुख्य साधन म्हणजे ओतीव लोखंडाची शेगडी, आणि तिच्यात बिनधुराच्या कोळशाच्या वड्या जाळतात. ती पेटवणे सोपे आहे, रात्रभर तेवती ठेवणे ही खरी शिकण्याची गोष्ट. झोपण्यापूर्वी जाळी हलवून राख खाली पाडायची, कोळसा भरपूर घालायचा, तो चांगला लालसर होईपर्यंत थांबायचे आणि मग हवेची झडप जेमतेम दोरा जाईल इतकी उघडी ठेवायची. झडप जास्त उघडी राहिली तर पहाटेपर्यंत कोळसा संपतो आणि पूर्ण बंद केली तर विस्तव गुदमरतो. सकाळी राखेखाली दोन-चार निखारे हाती लागले की पुन्हा काड्या रचण्याचे काम वाचते. शेगडी असलेल्या बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची भीती असते. राहण्याची केबिन असलेल्या बोटींना १ एप्रिल २०१९ पासून त्याचा अलार्म सक्तीचा आहे. आमच्याकडे पुढे एक आणि पलंगाजवळ एक असे दोन आहेत. छतावरचे हवा खेळती ठेवणारे झरोके थंडी वाजते म्हणून बुजवायचे नाहीत, हा नियम आम्ही कितीही गारठलो तरी मोडला नाही. खिडक्यांच्या चौकटींवर सकाळी पाणी साचलेले असे. ते रोज पुसणे आणि पलंगाची गादी उचलून खालून हवा लागू देणे, ही कामे दिनक्रमात लगेच शिरली.

पहिल्या रात्री झोप फारशी लागली नाही. पाण्याच्या पंपाची घरघर, दोर ताणला गेल्यावर येणारा कर्रर्र आवाज, तळाला चोच मारणारी बदके, असा एकेक आवाज ओळखायला वेळ लागला. पण आवाज ओळखीचे होत गेले तसा त्यांचा उपयोगही कळू लागला. नळ बंद असताना पंप मध्येच घरघरला तर कुठेतरी गळती आहे असे समजावे, आणि एरवी शांत असणारा तळातले पाणी उपसणारा पंप चालू झाला तर आधी उठून पाहावे आणि मग बाकीचे विचार करावेत.

पाण्याची टाकी बोटीच्या पुढच्या टोकाला असते. आमची साधारण ५०० लिटरची आहे. ती भरली की बोटीचे नाक खाली दबते आणि रिकामी होत जाईल तसे वर येते. जुने जाणते लोक पुढच्या टोकाकडे पाहूनच टाकीचा अंदाज घेतात आणि आम्हीही पाण्याच्या रेषेपाशी खडूची खूण करून ते पाहायला शिकलो. पाणी भरायच्या जागा ठरावीक अंतरांवर असतात, तिथले कुलूप ट्रस्टच्या किल्लीने उघडते आणि पाण्याचा जोर कमी असेल तर टाकी भरायला तास-दीड तास सहज जातो. तो वेळ वाया गेला असे मानणे आम्ही लवकरच सोडून दिले, कारण टाकी भरत असताना कपडे धुणे, डेक पुसणे आणि शेजारी थांबलेल्या बोटीवाल्यांकडून पुढच्या वाटेची खबर घेणे हे सगळे होऊन जाते. भांडी एका टबात साबणाने घासून दुसऱ्या टबात विसळायची आणि अंघोळीत अंग ओले केले की शॉवर बंद करून साबण लावायचा, एवढ्या दोन सवयींनीच आमचे पाणी जवळपास दुप्पट दिवस पुरू लागले.

विजेचे गणित समजायला याहून जास्त वेळ लागला. बोटीवर दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक फक्त इंजिन सुरू करण्यासाठी राखलेली आणि बाकीच्या दिवे, फ्रिज, पंप आणि फोन यांच्यासाठी. घरगुती वापराच्या आमच्या बॅटऱ्या शिशाच्या आहेत. त्या भरलेल्या आणि निवांत असताना १२.७ व्होल्ट दाखवतात. आकडा १२.२ पर्यंत आला की त्या निम्म्या उतरल्या असे समजायचे आणि त्याखाली वारंवार जाऊ द्यायचे नाही, नाहीतर त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. चार्जिंगमधली खरी मेख अशी की पहिला मोठा भाग इंजिनावर लवकर भरतो, पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लागतात. म्हणून छतावरच्या सौर पॅनेलची किंमत वाढते. इंजिन सकाळी बॅटऱ्या झटपट वर आणते आणि उरलेले काम दिवसभराचे ऊन सावकाश पुरे करते. थांबलेल्या बोटीने रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचे नाही असा नियम आहे. तो शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहे आणि तो पाळणे मला सभ्यपणाचे वाटते. यंत्रांशी माझा आधी फारसा संबंध आला नव्हता, तरी व्होल्टचा आकडा वहीत लिहिण्याचे काम मी मुद्दाम माझ्याकडे घेतले. रोज सकाळी इंजिन लावण्यापूर्वी आणि रात्री झोपताना असे दोन आकडे लिहीत गेल्यावर आमच्या वापराचे चित्र डोळ्यांसमोर स्पष्ट उभे राहिले आणि सर्वाधिक वीज फ्रिज खातो हे कळले. मग फ्रिजचे तापमान थोडे वाढवले आणि ढगाळ दिवशी त्यात काय ठेवायचे यावर विचार होऊ लागला.

शौचालयाबद्दल लोक खाजगीत विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्याकडे कॅसेटचे शौचालय आहे. खालची साधारण वीस लिटरची पेटी दोघांना दोन-तीन दिवस पुरते, भरली की ती ओढून काढायची आणि ट्रस्टच्या ठरलेल्या जागी रिकामी करून धुऊन परत बसवायची. एक जादा पेटी जवळ ठेवली की चिंता राहत नाही. हे काम आम्ही आळीपाळीने करतो आणि पाळी कुणाची यावर आजवर वाद झालेला नाही.

रोज निघण्यापूर्वीची इंजिनाची तपासणी सुरुवातीला ह्यांच्याकडे होती. तेलाची पट्टी काढून पाहणे, थंड करणाऱ्या पाण्याची पातळी पाहणे, पट्ट्याचा ताण बोटाने दाबून पाहणे आणि मग पंख्याजवळचे झाकण उघडून त्यात काही अडकले आहे का ते तपासणे. या झाकणाला वीड हॅच म्हणतात. इंजिन बंद करून किल्ली खिशात घातल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही आणि काम झाल्यावर झाकण घट्ट आवळले गेले आहे याची दोनदा खात्री करायची, कारण ते सैल राहिले तर चालत्या पंख्याने उडणारे पाणी आत येऊन बोट बुडू शकते. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर पंख्याच्या दांड्याभोवती ग्रीस दाबणारी पितळी मूठ घट्ट लागेपर्यंत फिरवायची. ती फिरवायचे राहिले तर तिथून रात्रभर थेंब थेंब पाणी आत ठिबकते. ब्रॉनस्टनला थांबलो होतो तेव्हा ह्यांनी ही सगळी कामे माझ्याकडून एकदा करवून घेतली. गॅसचे सिलिंडर बदलणेही त्यात आले. आमच्या बोटीवर १३ किलोचे प्रोपेनचे दोन सिलिंडर पुढच्या टोकाच्या बंदिस्त कप्प्यात असतात. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलाच तर तो केबिनमध्ये न शिरता बोटीबाहेर निघून जावा, यासाठी त्या कप्प्याच्या तळाला भोके असतात. प्रोपेनच्या जोडणीचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या नटाच्या विरुद्ध दिशेला पाना फिरवावा लागतो. हे एकदा हाताने केल्यावर मग विसरत नाही.

ब्रॉनस्टनपासून नॅप्टनपर्यंत सुमारे पाच मैलांत एकही लॉक नाही, त्यामुळे सुकाणूचा सराव करायला ही वाट फार चांगली. दोन कालवे या पाच मैलांत एकाच प्रवाहातून जातात, म्हणून समोरून बोटी बऱ्याच येतात. एकमेकींना ओलांडताना आपल्या उजव्या बाजूने जायचे असते. वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, पण काठावर लाट फुटू लागली तर त्याहूनही हळू जावे लागते. बांधलेल्या बोटींच्या जवळून जाताना तर इंजिन अगदी मंद करायचे, नाहीतर त्यांचे दोर ताणले जाऊन खुंटे उपटतात. सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलावा त्याच्या उलट बाजूला बोटीचे नाक वळते, आणि बोट मध्यावर तोललेल्या तराजूच्या दांडीसारखी फिरते. नाक डावीकडे गेले की शेपूट उजवीकडे सरकणार हे मनात धरून चालावे लागते. उलट्या गतीत तर सुकाणू जवळपास काहीच ऐकत नाही. आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाने जागा बदलत होतो. ह्यांचा हात पहिल्यापासून स्थिर होता. माझा हात स्थिर झाला तो नाकाच्या टोकाकडे पाहणे सोडून दूरच्या पुलाच्या कमानीकडे पाहू लागले तेव्हा.

बोलण्याची पद्धतही याच वाटेवर ठरली. ५७ फुटांच्या बोटीवर एक जण मागे आणि दुसरा पुढे असला, खाली इंजिन धडधडत असले, म्हणजे हाका ऐकू येत नाहीत. मोठ्याने बोललेले शब्द पोहोचतातच असे नाही, पण आवाजातला ताण बरोबर पोहोचतो, आणि मग कुणाचीही चूक नसताना दोघांचेही चेहरे उतरतात. म्हणून आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले तर ताबडतोब थांबा, तळहात खाली करून हलवला तर हळू, आणि अंगठा वर म्हणजे दोर बांधला गेला, इंजिन बंद करा. "अहो" ही हाक फक्त खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवली. एवढ्याने आमचा मुक्कामाला बोट लावतानाचा गोंधळ संपला. काठाला पोलादी पत्रे असतील तर त्यांच्या मागच्या पट्टीत आकडे अडकवायचे आणि नुसती माती असेल तर खुंटे ठोकायचे. दोर पुढच्या आणि मागच्या टोकांपासून तिरके ताणले की जवळून जाणाऱ्या बोटीमुळे आपली बोट पुढे-मागे ओढली जात नाही.

नॅप्टनला नऊ लॉक आहेत. सात एकापाठोपाठ आणि शेवटचे दोन मार्स्टन डोल्स इथे. टेकडीवरची जुनी पवनचक्की खालूनच दिसते आणि बोट तिच्या पायथ्याशी वळसे घेत वर चढते. वर चढताना बोट रिकाम्या लॉकमध्ये आणायची, मागचे दरवाजे बंद करायचे आणि वरच्या बाजूच्या झडपा उघडून पाणी आत घ्यायचे. झडपेच्या दांड्यावर बसणाऱ्या काटकोनी हँडलला विंडलास म्हणतात. झडप वर उचलली की दातेरी चाकात खटका पडलेला आहे का ते पाहून विंडलास लगेच काढून हातात घ्यायचा. तो दांड्यावर तसाच ठेवला आणि खटका सुटला तर तो भिंगरीसारखा फिरून हाडे मोडू शकतो किंवा उडून लागू शकतो. इथे मी काठावर होते आणि हे सुकाणूवर. पहिल्या लॉकला मी झडप अर्धीच उघडली आणि आत पाहिले. पाणी खालून उसळी घेऊन येते तेव्हा बोट आधी मागे आणि मग जोराने पुढे ओढली जाते आणि इंजिन अगदी मंद ठेवून हे तिला जागेवर धरत होते. मग पाणी जरा शांत झाल्यावर झडप पूर्ण वर घेतली. दोन्ही बाजूंची पातळी एक झाली नाही तोवर दरवाजा कितीही जोर लावला तरी हलत नाही, कारण पाण्यानेच तो दाबून धरलेला असतो. पातळी जुळली की त्याच दरवाज्याचा लांब लाकडी दांडा पाठीने ढकलला की हळूहळू सरकतो. पाय रोवायला विटांच्या उंच रांगा बसवलेल्या आहेत, त्यांवर टाच टेकवली की शरीराचे सगळे वजन कामी येते. ही वाट १७७० च्या दशकात बांधली गेली. त्या विटांपाशी झिजून गुळगुळीत झालेल्या जागी माझी टाच बसली, तेव्हा इतक्या पिढ्यांच्या माणसांनी केलेले काम आपणही नीट करावे असे मनापासून वाटले. प्रत्येक बोटीमागे लाखाहून अधिक लिटर पाणी वरच्या पातळीतून खाली जाते. म्हणून समोरून बोट येताना दिसली आणि लॉक तिच्या सोयीचा भरलेला असला, तर आपण थांबून तिला आधी खाली येऊ द्यायचे.

वरचा टप्पा अकरा मैलांचा आहे आणि तिथे लॉक नाही. ब्रिंडली १७७२ साली वारला आणि त्याचे काम सॅम्युअल सिमकॉक याने पुढे नेले. बांध आणि बोगदे यांचा खर्च टाळण्यासाठी कालवा जमिनीच्या समपातळीने नेलेला आहे. सरळ रेषेत पाच मैलही भरणार नाही अशी वाट त्यामुळे वळणावळणांनी दुपटीहून लांब होते आणि वर्मलेटनपाशी तर ती एका टेकडीला जवळजवळ प्रदक्षिणा घालते. उत्तरेकडच्या भागातली अशी वळणे एकोणिसाव्या शतकात सरळ करण्यात आली, इथली राहिली, ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

याच टप्प्यावर, फेनी कॉम्प्टनच्या अलीकडे, ह्यांना कणकण आली आणि संध्याकाळपर्यंत अंग चांगलेच तापले. बोट मी चालवली. फेनी कॉम्प्टनला पूर्वी बोगदा होता आणि पुढे वरची माती काढून तो उघडा केला गेला, तरी ती जागा आजही अरुंद आहे. तिथे समोरून बोट आली तेव्हा मी आधीच वेग कमी करून रुंद भागात थांबले आणि तिला जाऊ दिले. मुक्कामाला बोट लावताना मधला दोर हातात घेऊन मी काठावर उतरले, तो खुंट्याला एक वेढा देऊन धरला आणि मग पुढचा व मागचा दोर सावकाश बांधले. एका माणसाला बोट आवरायची असेल तर आधी मधला दोर, हे कोर्समध्ये शिकवलेले होते. रात्री कुकर अर्ध्यावर असताना गॅस संपला. टॉर्च घेऊन पुढच्या कप्प्यात उतरले, पाना उलट्या दिशेने फिरवून रिकामे सिलिंडर सोडवले, भरलेले जोडले आणि जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे पाहिले. मग ग्रीसची मूठ फिरवली, शेगडी भरली, आकडा वहीत लिहिला. आतून ह्यांनी विचारले, "अगं, मी येऊ का?" आणि मी "नको, झोपा तुम्ही" म्हणाले. त्या वेळी माझ्या मनात धास्ती नव्हती. ब्रॉनस्टनला ही सगळी कामे हाताखालून गेली नसती, तर त्या रात्री आम्ही दोघेही फार असहाय झालो असतो.

दुसऱ्या दिवशी तिथेच विश्रांती घेतली. ह्यांना बरे वाटल्यावर क्लेडनच्या पाच लॉककडे निघालो आणि तिथे ठरवून जागा बदलल्या. आता उतार होता आणि सुकाणू माझ्याकडे. खाली उतरताना धोका वेगळा असतो. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली एक दगडी उंबरठा पुढे आलेला असतो आणि पाणी कमी होत गेले की बोटीचा मागचा भाग त्यावर अडकून बोट तिरपी होऊ शकते. पुरेसे तिरपे झाल्यास पाणी आत शिरून बोट बुडते. म्हणून लॉकच्या भिंतीवर उंबरठ्याची हद्द दाखवणारी पांढरी रेषा रंगवलेली असते आणि बोटीचे मागचे टोक तिच्या पुढेच राहिले पाहिजे. मी रेषेवरून नजर हलवत नव्हते. ह्यांनी झडपेला विंडलास लावला आणि माझ्याकडे पाहिले. मी अंगठा वर केला, तेव्हा त्यांनी झडप थोडी उचलली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. बोट खाली जाऊ लागली, ओल्या विटांच्या भिंती दोन्ही बाजूंनी वर येत गेल्या आणि मागचा दरवाजा फटींमधून पाण्याच्या धारा सोडत उंच होत गेला. मी सुकाणूचा दांडा मांडीला टेकवून, इंजिन कधी किंचित पुढे तर कधी किंचित मागे घेत, मागचे टोक रेषेपासून हातभर पुढे राखले. वरून ह्यांना रेषा आणि बोट दोन्ही दिसत होती आणि गरज पडली असती तर झडप लगेच बंद करायला हात दांड्यावरच होता. पाचव्या लॉकमधून बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "काठावर उभे राहून झडप उघडणे हे सुकाणूपेक्षा जास्त जोखमीचे काम आहे, आतल्या माणसाचा जीव आपल्या हातात असतो." नॅप्टनला मलाही नेमके तेच जाणवले होते. दोन्ही जागांवर उभे राहिल्यामुळे एकमेकांना कधी थांबायला सांगायचे आणि कधी वाट पाहायची हे आम्हाला आपोआप कळू लागले.

क्रॉप्रेडीला पाणी भरून, शौचालयाच्या पेट्या रिकाम्या करून आम्ही बॅनबरीला पोहोचलो. ऑक्सफर्ड कालवा बॅनबरीपर्यंत १७७८ साली आला आणि ऑक्सफर्डला पोहोचायला त्याला १७९० साल उजाडले. गावातला लॉक भर बाजारात आहे आणि जवळच त्या काळापासूनची बोटी दुरुस्त करायची कोरडी गोदी आहे. इथे आम्ही कपाटे पुन्हा लावली. एकदाही न वापरलेली भांडी, जाड पुस्तके आणि जादा पांघरुणे दान केली आणि त्या जागी दुसरी जादा पेटी, एक लांब दोर आणि कोळशाच्या दोन पिशव्या आल्या. वहीच्या पहिल्या पानावर कामांची यादी लिहून ती भिंतीवर लावली. प्रत्येक कामापुढे दोन रकाने आहेत, एक ह्यांचा आणि एक माझा, आणि आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक काम दोघांच्याही हातून व्हावे असे ठरले आहे. पुढच्या वाटेवर उचलायचे लाकडी पूल आहेत. एकाने काठावर उतरून पुलाच्या तुळईवर वजन टाकून तो तोलून धरायचा आणि दुसऱ्याने बोट खालून न्यायची. पहिला पूल मी धरणार आहे, दुसरा हे.